चौतीस भागिले चौतीस

४ मार्च

आज संचालकांनी बोलावून घेतलं. आमच्या कीटकविज्ञान त्रैमासिकाचा प्रभावांक जाहीर झालाय. ०.३८. संचालकांनी तो कागद दोन बोटांच्या चिमटीत धरला होता.

प्रभावांक म्हणजे काय हे घरी कुणाला कळत नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो. मागच्या दोन वर्षांत आपण छापलेल्या लेखांचा या वर्षी किती लेखकांनी संदर्भ दिला, ते मोजायचं आणि आपल्या लेखांच्या संख्येनं भागायचं. आमच्या बाबतीत हिशेब असा, की दहा लेख छापले तर जेमतेम चार वेळा कुणीतरी आपलं नाव काढतं. त्यातही दोनदा मीच काढलेलं असतं.

संचालक म्हणाले, पुढच्या वर्षअखेरपर्यंत आकडा एकवर आला नाही तर त्रैमासिक बंद. मी कोण, हे त्रैमासिक कुणाचं, हे सगळं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.

त्रैमासिक माझ्या सासऱ्यांनी काढलेलं, चाळीस वर्षांपूर्वी. भुंगेरे गोळा करण्यात त्यांचा जन्म गेला. अकरा कपाटं भरली. मुखपृष्ठावर तळाशी त्यांनी स्वतः लिहिलेली ओळ अजून छापतो, "आमच्या कपाटांतल्या कीटकांविषयी". जरा घरगुतीच वाटते, पण जावयानं बदलली तर लोक बोलतील.

संध्याकाळी बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "बाबांनी जाताना अंक तुमच्या हाती दिला आणि कपाटं बाईंच्या. दोन्ही राहतील एवढं बघा." बाई म्हणजे आमच्या संग्रहपाल बाई. कपाटांना काय होणार आहे? ती चाळीस वर्षं जागची हलली नाहीत. धोका अंकाला आहे. बायकांना नेमकं कशाची काळजी करायची ते कळत नाही.

११ मार्च

संख्याशास्त्र विभागातल्या तरुणाला मदतीला घेतलं. सगळे त्याला आकडेपंडित म्हणतात, आणि तो रागावत नाही. त्यानं दहा वर्षांच्या संशोधनाचा कल रंगीत आलेखात काढून दाखवला. वर चढणारी लाल रेघ डासांची. मधमाश्या त्याखालोखाल. तळाशी जमिनीला चिकटून चालणारी करडी रेघ कसली, विचारलं. म्हणाला, "संग्रह आणि वर्गीकरण, सर. ते कुणी वाचत नाही."

सासऱ्यांचं उभं आयुष्य त्या करड्या रेघेत गेलं. वाईट वाटलं. मग लाल रेघेकडे बघितलं.

आकडेपंडित म्हणाला, अपूर्णांक मोठा करायचे दोन मार्ग. अंश वाढवा, नाहीतर छेद कमी करा. शाळेत हे मलाही शिकवलं होतं, पण त्याचा असा उपयोग असतो हे कुणी सांगितलं नव्हतं. जूनपासून अंकात पाचाऐवजी तीनच लेख घ्यायचे. बाकीचे "वाचकांची पत्रं" म्हणून छापायचे. पत्रं छेदात धरत नाहीत. एक पत्र एकोणीस पानांचं होईल, पण वाचकाच्या उत्साहाला आपण कोण आवरणार?

२ एप्रिल

संपादकांना स्वतंत्र कक्ष हवा, हे संचालकांना पटलं. रिकामी खोली एकच होती, म्हणजे रिकामी नव्हती, तिथे संग्रह होता. अकरा कपाटं बाहेरच्या बोळात खिडकीशी नेली. बोळ अरुंद, म्हणून कपाटांची तोंडं भिंतीकडे करावी लागली. आता दारं उघडत नाहीत, पण पाठीमागून ती फार व्यवस्थित दिसतात.

डांबरगोळ्यांच्या वासानं माझं डोकं चढतं. शिवाय मोठी माणसं भेटायला येणार. म्हणून कपाटं हलवण्याआधी खणांतल्या सगळ्या गोळ्या काढायला लावल्या.

बाई आल्या. हातात गोळ्यांची पिशवी. म्हणाल्या, गोळ्या काढल्या, खिडकीशी ठेवली, दारं बंद केली, तर वर्षभरात कीड लागेल. मी म्हटलं, लेखी द्या. त्यांनी खिशातून अर्ज काढून दिला. म्हणजे लिहूनच आणला होता. अशी माणसं संस्थेत असली की कामं रखडतात.

२० एप्रिल

नवा नियम लागू केला. आमच्याकडे लेख छापायचा असेल तर आमच्या मागच्या दोन वर्षांच्या अंकांतले किमान तीन लेख संदर्भात हवेत. नाक दाबलं की तोंड उघडतं.

एका डासवाल्यांनी लगेच दुरुस्त लेख पाठवला. त्यांचा विषय गटारातले डास. आमचे अलीकडचे लेख मधमाश्यांचे. गृहस्थ हुशार निघाले. दुसऱ्याच परिच्छेदात वाक्य आहे, "डास ही मधमाशी नव्हे, हे आता पुरेसे सिद्ध झाले आहे," आणि पुढे आमचे तीन संदर्भ. वाक्यात चूक काढायला जागाच नाही. लेख स्वीकारला.

१६ मे

आजचा दिवस मी विसरणार नाही!

सकाळी बोळातून येताना खिडकीच्या पट्टीवर एक भुंगेरा दिसला. मोहरीपेक्षा थोडा मोठा, गोल, मेलेला. माझा विषय पिकांवरचा मावा. भुंगेऱ्यांशी माझा संबंध सासऱ्यांपुरता. पण काहीतरी आतून म्हणालं, उचल. अंगावर पांढरी-पिवळी धूळ बसली होती, ती रुमालानं नीट पुसली. खालून लखलखीत काळा निघाला. सूक्ष्मदर्शकाखाली तासभर बघितला. पुस्तकातल्या एकाही चित्राशी जुळेना.

नवी प्रजाती! आणि तीही माझ्या कक्षाच्या दारात. नव्या प्रजातीचं नाव ज्याला घ्यायचं असेल त्याला आमचा लेख सांगावाच लागणार. एका दगडात दोन पक्षी. तिसराही मारला, भुंगेऱ्याला सासऱ्यांचं नाव दिलं. बायकोला सांगितलं तर तिचे डोळे भरून आले. लग्नाला एकतीस वर्षं झाली, माझ्या संशोधनानं तिला रडू आलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

मग ती स्वतःच्या भुंगेऱ्याबद्दल बोलायला लागली. आठ वर्षांची असताना तिनं एक हिरवा भुंगेरा पकडला होता, तो बाबांनी टाचणीला लावून चौथ्या कपाटात ठेवला, खाली चिठ्ठी तिच्याच अक्षरात. मी हे शंभरदा ऐकलंय. आज एकशे एकाव्यांदा आनंदानं ऐकलं.

२४ मे

बाईंना भुंगेरा लांबूनच दाखवला. म्हणाल्या, कपाटातल्या नमुन्यांशी ताडून बघा, मला हा ओळखीचा वाटतो, फक्त असा काळा कसा ते कळत नाही. पुसलात का? म्हटलं, अर्थात पुसला, घाण ठेवायची का? ताडायचं तर कपाटं फिरवायला हवीत, त्याला चार माणसं लागतात. पुढच्या वर्षीच्या डिसेंबरनंतर बघू म्हटलं.

लेखाला नियमाप्रमाणे दोन परीक्षक नेमले. एक डासवाले. त्यांनी लिहिलं, हा डास नाही, सबब आक्षेप नाही. दुसरा परीक्षक मी. परीक्षकाचं नाव गुप्त ठेवायची आपली पद्धत आहे, ती पाळली. मी एका स्वल्पविरामाला हरकत घेतली आणि लेखकानं ती मोकळ्या मनानं मान्य केली.

९ ऑगस्ट

बाईंचा एक लेख आलाय. "बंद कपाटांतल्या नमुन्यांना लागलेली कीड: एक तातडीची नोंद". अडीच पानं. कपाटांच्या फटीखाली त्यांना केसाळ अळ्यांच्या कातींचे ढीग मिळाले म्हणे. सोबत एका काडेपेटीत कातीही पाठवल्या होत्या. टेबलावर नको म्हणून टाकून दिल्या.

करडी रेघ आठवली. कपाटातल्या किडीचा संदर्भ कोण देणार? शिवाय आमच्या अंकांतला एकही लेख त्यांनी संदर्भात घेतलेला नाही. छापील उत्तर पाठवलं, "विषय स्थानिक स्वरूपाचा असून त्यास व्यापक वाचकवर्ग लाभण्याची शक्यता कमी आहे." त्या समोरच्याच खोलीत बसतात, पण शिस्त म्हणजे शिस्त, टपालानं पाठवलं.

दुपारी त्या उत्तर हातात घेऊन आल्या. म्हणाल्या, "सर, लेख नका छापू. चार माणसं द्या." मी म्हटलं, दोन गोष्टींची गल्लत करू नका.

१५ सप्टेंबर

माझ्या भुंगेऱ्याचा अंक निघाला. मुखपृष्ठावर त्याचं चित्र, टिचभर भुंगेरा वीतभर करून. बायकोनं तो अंक बाबांच्या फोटोशेजारी ठेवला.

बोळातल्या खिडकीत आता असे बरेच दिसतात. रोज दहा-बारा. पण त्यांच्या अंगावर ठिपके आहेत, म्हणजे ते वेगळे असणार.

१२ जानेवारी

नवं वर्ष, हिशेबाचं वर्ष. मागच्या दोन वर्षांचे मिळून चौतीस लेख धरले जाणार. म्हणजे डिसेंबरपर्यंत चौतीस संदर्भ हवेत. डासवाल्यांच्या कृपेनं चार आताच झालेत.

आणि आज पाचवा, तोही परदेशातून! आकडेपंडित कागद घेऊन आला, पण बसेना. वाचला. एका विद्यापीठातल्या भुंगेऱ्यांच्या जाणकारानं लिहिलंय की ही नवी प्रजाती नाही. प्रत्येक संग्रहालयात वाळलेले कीटक खाऊन जगणारा हा अगदी साधा भुंगेरा. ठिपके त्याच्या अंगावरच्या बारीक खवल्यांचे असतात आणि ते बोटानंही निघतात. "लेखकाने नमुना पुसला असावा, असा अंदाज आहे."

पंधरा मिनिटं मी दार लावून बसलो. माव्यावर तीस वर्षं काढली, आणि एका रुमालानं घालवली. खरंच लाज वाटली, इथे लिहायला हरकत नाही.

मग आकडेपंडिताला विचारलं, असल्या संदर्भाचं काय करतात? म्हणाला, "काही नाही सर, मोजतात. यंत्राला कौतुक आणि शिव्या सारख्याच."

जीव भांड्यात पडला.

३ फेब्रुवारी

लेख मागे घ्यावा का, यावर रात्रंदिवस विचार केला. चूक मान्य करणं हा शास्त्रज्ञाचा धर्मच आहे. पण मागे घेतलेल्या लेखाचं नाव पुढे कोण काढणार? तेव्हा चूक मान्य करायची, पण डिसेंबरनंतर.

तोवर त्या परदेशी गृहस्थांना उत्तर लिहिलं. मुद्दाम चढ्या आवाजात. "पुसणे हा शास्त्रीय पद्धतीचा पाया आहे" असं एक वाक्य घातलं. हे वाचून जो गप्प बसेल तो कीटकशास्त्रज्ञ नव्हे.

२७ जून

बसले नाहीत! एकोणीस संदर्भ झाले. तिघांनी स्वतंत्रपणे भुंगेरे पुसून पाहिले आणि पुसल्यावर काळे होतात असं सिद्ध केलं. एका संशोधिकेनं कुठला रुमाल वापरला असेल यावर दोन परिच्छेद लिहिलेत. एक पुस्तक निघतंय, त्यात "नमुना हाताळताना काय करू नये" या प्रकरणात मी पहिलाच आहे.

बायकोला सांगितलं, बाबांचं नाव जगभर पोचलं. ती म्हणाली, लोक काय म्हणतायत? म्हटलं, चर्चा चालू आहे.

ती सुखावली. म्हणाली, वर्ष-दीड वर्षात कपाटांकडे गेले नाही, एकदा येऊन माझा हिरवा भुंगेरा बघते. म्हटलं, आत्ता नको, तोंडं भिंतीकडे आहेत. तिनं विचारलं, कुणाची?

४ ऑक्टोबर

अठ्ठावीस. बाईंचा सातवा अर्ज आला. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच, एकदा डिसेंबर म्हटलं की डिसेंबर. आता बोळातून जाताना लोक कपाटांच्या बाजूला पाय झाडतात. झाडूवाल्या बाईंनी सांगितलं, रोज खालून तपकिरी भुकटी निघते. चहासारखी दिसते.

२१ नोव्हेंबर

तेहतीस. एक कमी. महिन्याभरात कुणी हललं नाही. सगळ्यांचं भांडून झालं असावं.

संचालकांना मात्र आकडा गाठल्यातच जमा वाटतो. त्यांनी सत्कार ठरवला. संस्थापकांच्या संग्रहासमोर फोटो काढायचा, संस्थापकांच्या मुलीलाही बोलवायचं. त्यासाठी चार माणसं आज लगेच मिळाली.

कपाटं फिरवली. बायको नवी साडी नेसून आली होती. चौथ्या कपाटाचं दार तिनंच उघडलं, खण तिनंच ओढला.

आत टाचण्या होत्या. ओळीनं, सरळ, सासऱ्यांच्या हातच्या. प्रत्येक टाचणीखाली चिठ्ठी, चिठ्ठीवर क्रमांक, आणि त्यावर चहासारख्या भुकटीचा छोटा ढीग. भुंगेरा एकही नाही. कुठे एखादा पाय, कुठे पंखाचं टरफल. मी दुसरा खण ओढला. तसाच. पाचवं कपाट, सहावं. अकरापैकी नऊ कपाटं अशी निघाली. छायाचित्रकारानं विचारलं, फोटो काढू का?

बायको चौथ्या कपाटाशीच उभी होती. तिला तिची चिठ्ठी सापडली. वाकडंतिकडं अक्षर, "क्र. ६१२. हा मी पकडला." चिठ्ठीवर एक केसाळ अळी चालत होती. बायकोनं ती फुंकरीनं उडवली. शेजारी एक ठिपकेदार भुंगेरा बसला होता, जिवंत, लठ्ठ. तिनं बाईंना विचारलं, "हा कोण?"

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. बायकोही बघायला लागली.

"ज्याला बाबांचं नाव दिलंत, तो हाच ना?" ती म्हणाली.

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो? बाईंचे सात अर्ज माझ्या टेबलाच्या खणात आहेत, क्रमानं लावलेले. त्यातला एक जरी वाचला असता. हे मी इथेच लिहितोय, दुसरीकडे कुठे लिहिणार नाही.

फोटो संपादकाच्या कक्षात काढला.

१८ डिसेंबर

जवळजवळ महिनाभर काही लिहिलं नाही. घरी बोलणं कामापुरतं. अंक बंद पडणार हे मी धरूनच चाललो होतो, आणि खरं सांगायचं तर पडला तर पडू दे इथपर्यंत आलो होतो.

आज आकडेपंडित धावत आला. चौतिसावा संदर्भ मिळाला! चौतीस भागिले चौतीस, एक. त्यानं फळ्यावर लिहूनही दाखवलं.

कुणी दिला, विचारलं. संग्रहालयांविषयीच्या दुसऱ्या एका त्रैमासिकात लेख आलाय, अडीच पानांचा. तोच. बाईंचा. आपण नाकारल्यावर त्यांनी तिकडे पाठवला होता, त्यात नऊ कपाटांची भर घातलीय. एकच संदर्भ आहे. "या किडीची या इमारतीतली पहिली नोंद मागील वर्षी १६ मे रोजी संपादकांनी केली (१). ती नवी प्रजाती म्हणून केली."

बाईंकडे गेलो. आभार मानावेत की काय करावं कळेना. त्या उरलेल्या दोन कपाटांत डांबरगोळ्या ठेवत होत्या. मी म्हटलं, तुमच्यामुळे त्रैमासिक वाचलं. त्या म्हणाल्या, "सर, मी कपाटांसाठी लिहिलं होतं."

चांगल्या आहेत. मी त्यांच्याबद्दल गैरसमज करून घेतला होता.

७ जानेवारी

आकडा पक्का झाला. संचालकांनी खांद्यावर हात ठेवला. नव्या अंकाचं मुखपृष्ठ तपासायला आलंय. तळाची ती ओळ, "आमच्या कपाटांतल्या कीटकांविषयी", आता ठेवता येणार नाही. कपाटांत कीटक नाहीत. खोटं छापायचं नाही हे सासऱ्यांचं तत्त्व होतं, ते मी मोडणार नाही. त्या जागी "प्रभावांक १.०" टाकायचं ठरवलं.

तरी बायकोला दाखवावं म्हणून मुखपृष्ठ घरी आणलं. तिनं चष्मा लावून बराच वेळ बघितलं. बोट ठेवून वाचलं, बाबांची ओळ कुठे होती तेही बघितलं. मग म्हणाली, "बरोबर आहे. कपाटात आता आकडेच उरलेत. मुखपृष्ठावरही तेच असू दे."

तिला पटलं, याचं फार बरं वाटलं. मला वाटलं होतं, अडून बसेल.

क्रमांक ६१२ ची चिठ्ठी मात्र तिनं त्या दिवशी उचलली ती परत देत नाही. नोंदवहीला लागेल म्हणून दोनदा मागितली. ऐकू न आल्यासारखं करते. उद्या लेखी मागावी म्हणतो.